फुटणे

आधी गेला च.
मग श, मग स, मग दातांतून निसटणारे
ते सगळे बारीक वारे,
ज्यांच्याशिवाय पोलिश भाषेत
साधं 'कृपा करून' म्हणता येत नाही.
बाबांना वाटलं, माणसंच हल्ली
तोंडातल्या तोंडात बोलायला लागलीत.
बेकरीतली पोरगी, टीव्हीवरचा हवामानवाला,
आणि आई.

आईचं नाव चेस्वावा.
बाबा अजून ते नीट उच्चारतात, जीभ विसरलेली नाही.
पण दुसऱ्या कुणी हाक मारली तर
त्यांच्यापर्यंत पोचतं नुसतं वावा,
पुढचा डबा गळून पडलेल्या मालगाडीसारखं.

एकतीस वर्षं ग्दान्स्कच्या गोदीत
जहाजाच्या पोटात बसून गंज ठोकला त्यांनी.
बाहेरून ठोकलं तर जहाज म्हणजे घंटा.
आतून ठोकलं तर घंटेची जीभ तुम्ही.
कानात कापूस, तोही घरून आणलेला.
निवृत्तीच्या दिवशी घड्याळ मिळालं,
ते भिंतीवर आहे.
टिकटिकतं, असं आम्ही त्यांना सांगितलंय.

मी विद्यापीठाच्या तळघरात कामाला.
कोंबडीची पिल्लं, त्यांचं दाणापाणी,
पिंजरे धुणं, वहीत वजनं.
वरच्या मजल्यावर डॉक्टर व्रूबेल.
(व्रूबेल म्हणजे चिमणी. त्यावर हसून झालंय.)
त्या सांगतात, माणसाच्या एका कानात
पंधरा-सोळा हजार केशपेशी, बस्स.
जन्माआधीच मोजून दिलेल्या.
आवाज आला की लव्हाळ्यासारख्या वाकतात, उठतात.
फार वाकवल्या की उठत नाहीत,
आणि त्यांच्या जागी कुणी येत नाही.
बारीक आवाजांच्या अगदी दाराशी उभ्या,
म्हणून प्रत्येक लाट
आधी त्यांच्याच डोक्यावरून जाते.

पाखरांचं वेगळं.
पिल्लांना आम्ही दोन दिवस भोंगा ऐकवतो
(हे मी घरी सांगत नाही),
ती थाळी वाजवली तरी मान वळवत नाहीत.
मग काही आठवड्यांत शेजारच्या साध्या पेशी,
ज्यांना कुणी विचारत नव्हतं, दुभंगतात,
त्यांतून नव्या उभ्या राहतात.
माणसाचा कान फुटतो तो कायमचा.
पाखराला कान फुटतो, फांदीला पालवी फुटते तसा.

श्रवणयंत्र आणलं. पहिल्या दिवशी बाबांना भेटले
फ्रिज, वर्तमानपत्राची घडी, स्वतःचं चावणं.
चौथ्या दिवशी ते साखरेच्या डब्यात ठेवलं त्यांनी.
आई आता कामापुरतं बोलते,
दिव्याखाली, तोंड समोर धरून.
गंमत सांगायची तर ओरडावं लागतं,
आणि ओरडून सांगितलेली गंमत
सूचनेसारखी ऐकू येते.

मध्ये बातमी आली, दूर कुठेतरी
जन्मापासून बहिऱ्या एका मुलाच्या कानात
थेंबभर औषध सोडलं,
निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर एक जनुक.
दीड महिन्याने दाराची कडी वाजली
आणि ते मूल घाबरून रडलं.
त्याची आईही रडली, ते वेगळ्या कारणाने.
बाबांनी विचारलं, मला?
मी विजेच्या बिलामागे लिहिलं:
त्याच्या घरात दिवे होते, एक तार नव्हती.
तुमचे दिवेच गेलेत.
त्यांनी बिल उलटं करून रक्कम पाहिली.

रविवारी गच्चीवर गेलो. बाबांची कबुतरं बारा.
ते शिट्टी घालतात, ती त्यांना ऐकू येत नाही.
ओठांना गार लागलं की लागली म्हणायची.
तरी वळली सगळी,
चर्चच्या कळसापाशी एकदम कलली
आणि खाली आली.
मी सांगितलं, एकेक शब्द सुटा करून,
यांचे गेले असते तर परत आले असते.

बाबा बराच वेळ मका निवडत राहिले.
मग म्हणाले, त्या तुमच्या पिल्लांचे येतात परत?
येतात.
ते तुम्हाला कसं कळतं?
कान उघडून बघावा लागतो, मी म्हटलं.
आणि मग पुढे काय करता त्यांचं?

मी उत्तर दिलं.
तोंड समुद्राकडे वळवून दिलं.